गिरजाचं दुखणं अन् डेंबी साहेब

माझी बायको गिरजा छातीच्या कॅन्सरनं गेली. गाठ तिला दोन वर्षं होती. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन मला ती दिसली नाही, कारण तिनं ती माझ्यापासून लपवली. का लपवली, ते सांगायला ही वही घेतली आहे. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, दवाखान्यातल्या शमीम सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, मले जे सांगितलं ते लिहून काढा. वार्डात ठेवून देऊ. लोकं वाचतील." मी चौथी पास आहे. चुका होतील. माणसाला समजलं म्हणजे झालं.

औषधाचं मला काही कळत नाही, ते डॉक्टरला विचारा. मी जे झालं ते सांगतो. त्यात एका इंग्रज साहेबाचं सांगावं लागेल, कारण माझ्या घरात माझ्या बायकोपेक्षा त्या साहेबाचं जास्त चाललं.

साहेब

आमचं गाव चामोर्शीकडचं. जवानीत मी पलटणीत भरती झालो अन् मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात गेलो. तिथं कॅप्टन डेंबी नावाच्या साहेबाचा मी अर्दली होतो. अर्दली म्हणजे साहेबाचे बूट पुसायचे, दाढीला पाणी गरम करायचं, बिस्तरा बांधायचा अन् गोळीबार सुरू झाला की त्याच्या मागं पळायचं. साहेब तेवीस-चोवीस वर्षांचा होता. बाप शाळामास्तर. उंच, लाल तोंडाचा, मिरचीला भिणारा अन् सापाला त्याहून जास्त. त्याची हिंदी ऐकून आम्ही तोंड फिरवून हसायचो. पण जेवायला बसायचा तो सगळ्यात शेवटी, जवानांचं झाल्यावर.

एका नाल्यावर जपान्यांच्या मशीनगननं आमची वाट अडवली. आमचे दोन जवान उघड्यावर पडले होते, त्यातला एक सारखा पाणी मागत होता. साहेब सरपटत गेला अन् एकाला ओढून आणलं. पुन्हा गेला, दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेला तो हातगोळे घेऊन. मशीनगन बंद पडली, पण साहेबाच्या मांडीत गोळी घुसून हाड फुटलं. मी त्याला पाठीवर घेतलं अन् जंगलातून तीन-चार मैल चालत डॉक्टरच्या तंबूत नेलं. त्या कामाबद्दल साहेबाला चांदीचं पदक मिळालं, पांढऱ्या-जांभळ्या फितीचं.

इथवर सगळं खरं आहे. पण गावात सांगताना मी पुढं एक जोडायचो. "मांडीचं हाड फुटलं, पण डेंबी साहेबानं हूं की चूं केलं नाई."

घरी आलो, जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर चौकीदार लागलो, लग्न झालं. हे वाक्य मी पन्नास वर्षं म्हटलं. दर सव्वीस जानेवारीला शाळेत बोलवायचे, तिथं म्हटलं. पोरीला, शेवंताला, विंचू चावला तेव्हा म्हटलं. गिरजाचं बोट विळ्यानं कापलं तेव्हा म्हटलं. शेवंताच्या वेळी गिरजा आत बाळंत होत होती, ओरडत होती. मी बाहेरून कुडाच्या भिंतीला तोंड लावून ओरडलो, "गिरजे, साहेबाले याद कर!" सुईण आतून बोलली, "तुह्या साहेबाले म्हण, ये अन् तू बाळंत हो." बाहेर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. आत मात्र गिरजाचा आवाज बंद झाला. मला वाटलं, वा.

माझ्या उजव्या खांद्यावर एक वण आहे, अर्ध्या चंद्रासारखा. तोही मी सगळ्यांना दाखवायचो. बॉम्बचा तुकडा लागला म्हणून सांगायचो. नवीन लग्न झालं तेव्हा गिरजानं त्यावर बोट फिरवलं अन् विचारलं, "बॉम्बले दात असतात का वो?"

मी म्हटलं, "तुले लढाईतलं का समजते?"

तिनं पुन्हा विचारलं नाही.

बकरी

गिरजा रोवण्याला सगळ्यांच्या पुढं असायची. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना तिच्या ओळीला दुसऱ्या बाया पुरत नव्हत्या. मग एका वर्षी ती मागं पडायला लागली. वाळत घातलेलं लुगडं काढताना डावा हात वर जाईना. मी म्हटलं, बुढी झाली.

एक दिवस तिच्या पदराचा कोपरा कुरतडलेला दिसला. मी विचारलं, "हे काय?"

"बकरीनं खाल्लं."

मी बकरीला काठी मारली. पुढं दुसऱ्या लुगड्याचाही पदर तसाच दिसला. मी पुन्हा बकरीला मारलं अन् लांबच्या खुंट्याला बांधलं. हे मी मुद्दाम लिहितो. माझी हुशारी एवढीच होती.

दिवाळीनंतर शेवंता कुरखेड्याहून माहेरी आली. मायची पाठ घासून द्यायला न्हाणीत गेली अन् लगेच ओल्या हातानं बाहेर आली. मी अंगणात पान लावत होतो.

"बाबा, तुमाले डोळे हायेत का?"

"काऊन वो?"

"मायच्या छातीवर जखम होऊन राह्यली. पू येऊन राह्यला. फडकं बांधून बसली हाये ती. अन् तुमी पान खाता?"

न्हाणीतून गिरजा बोलली, "ओरडू नको, शेवंता. काई नाई झालं. हळद लावली हाये."

दोन रोवणे

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही चांद्याला निघालो. वैनगंगेच्या पुलावर गिरजानं खिडकीतून हात जोडले. तिच्या मांडीवर लाह्यांची पिशवी होती. दोन दिवसांत परत येऊ असं तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पडद्याआड तपासलं, बाहेर येऊन हात धुतले, खूप वेळ धुतले. मग तिला विचारलं, "किती दिवसांपासून आहे?"

गिरजानं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "दोन रोवणे झाले जी."

डॉक्टर आमच्या भागातला नव्हता, त्याला समजलं नाही. शेवंतानं सांगितलं, दोन वर्षं. तो माझ्याकडं फिरला. "तुम्ही घरातच राहता ना, बाबा?"

जपान्यांनी माझ्यावर गोळ्या झाडल्या आहेत. तेव्हा जमिनीला चिकटून पडायला जागा होती. त्या खोलीत पडायला जागा नव्हती. मी टोपी काढली अन् पुन्हा घातली.

गाठीचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत मी दवाखान्यातल्या पिंपळाच्या पाराला रोज नारळ ठेवला. रिपोर्ट आला. डॉक्टरनं मला अन् शेवंताला व्हरांड्यात बोलावलं. हाडात गेलं म्हणाला. नागपूरला नेऊन फायदा नाही म्हणाला. "आता फक्त दुखणं कमी करता येईल. तेवढं आपण करू."

ज्यांच्या घरी असा दिवस येईल त्यांना सांगतो, त्या दिवशी काहीच ऐकू येत नाही. मला व्हरांड्यातल्या नळाचं टपटपणंच ऐकू आलं. डॉक्टरचं बोलणं शेवंताकडून दुसऱ्या दिवशी समजून घेतलं.

नाई जी

वार्डातला दिवस असा. सकाळी झाडू, मग चहा, मग जखमेवरची पट्टी बदलणं, मग डॉक्टर. दुपारी शेवंता मागच्या धर्मशाळेतून भात घेऊन यायची. सकाळी नऊला अन् दुपारी चारला शमीम सिस्टर ट्रे घेऊन खाटेखाटेला फिरायच्या. दुखण्याची इंजेक्शनं मोजकीच यायची. म्हणून त्या आधी विचारायच्या, जिला जास्त दुखते तिला आधी.

"बाई, दर्द हाये का?"

गिरजा म्हणायची, "नाई जी."

सिस्टर पुढच्या खाटेवर जायच्या. तिथं बल्लारपूरच्या ताराबाई होत्या, पोटाच्या दुखण्याच्या. त्या ट्रे दरवाज्यात दिसताच सुरू व्हायच्या, "मेली वो माय, मेली! सिस्टर, इकडं या आधी!" त्यांना इंजेक्शन मिळायचं. मग त्या तासभर झोपायच्या, घोरायच्या.

मी पहिले काही दिवस छाती फुगवून बसायचो. खोटं कशाला सांगू. ताराबाई मला म्हणाल्या, "फौजी भाऊ, सूरजागडच्या लोखंडाची बायको करून आणली का तुमी?"

मी म्हटलं, "पलटणीतल्या माणसाची बायको हाये. ओरडत नाई."

गिरजा भिंतीकडं तोंड करून पडली होती.

शेवंता माझ्याशी बोलत नव्हती. ताट समोर ठेवायची अन् जायची. आठवडा झाला असेल, मी धर्मशाळेच्या पायरीवर तिला थांबवलं. म्हटलं, काय असेल ते तोंडावर बोल. ती बोलली.

"मी मायले विचारलं, दोन वर्षं काऊन नाई सांगितलं? तर म्हणते, तुह्या बाबाले सांगितलं असतं तर ते साहेबाचं सांगत बसले असते. तिले त्या साहेबाची लाज वाटे, बाबा. माह्या मायले कधी न पाहिलेल्या माणसाची लाज वाटे."

एवढं बोलून ती भांडी घासायला बसली. मी पायरीवरच बसलो. तेव्हा तरी मी वार्डात जाऊन खरं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मी सोपी वाट धरली. गिरजाजवळ जाऊन म्हटलं, "दुखत असेल तर सिस्टरले सांगत जा. मी काई म्हणणार नाई."

"सांगू कशाले? साहेबाचं तर हाड फुटलं होतं. माहं हाड बी नाई फुटलं."

मी समजावलं, रागावलो, हात जोडले. चार वाजता सिस्टर आल्या. "नाई जी." माझंच वाक्य पन्नास वर्षं तिच्या कानात घातलेलं होतं. आता मी उलटं बोलून ते बाहेर निघत नव्हतं. डॉक्टरच्या हातात एकच गोष्ट उरली होती, दुखणं कमी करणं, अन् तीही माझ्यामुळं माझ्या बायकोला मिळत नव्हती.

नळावर

शेवंताला ताप आला म्हणून एके दिवशी गिरजाचे कपडे मी धुवायला नेले. लुगड्याला साबण लावताना पदर हातात आला. कोपऱ्याची चाळणी झालेली. बारीक बारीक भोकं, काही ठिकाणी रक्ताचा डाग. दवाखान्यात बकरी नव्हती.

मी नळाखाली तसाच बसून राहिलो. मागं बाया भांडत होत्या, "बुढ्या, सरक ना बाजूले." मला साहेबाची शेवटची चिठ्ठी आठवून राहिली होती.

लढाईनंतर साहेब आपल्या मुलखाला गेला. बापाच्याच शाळेत मास्तर झाला. लंगडत चालायचा, मधमाश्या पाळायचा. पदक त्यानं भिंतीला टांगलं नाही, टेबलाच्या खणात ठेवलं. दर नाताळाला त्याची चिठ्ठी यायची. मी ती बाजाराच्या दिवशी चामोर्शीला नेऊन तिथल्या हायस्कूलच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचो. शेवटच्या चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं, मी अजून झोपेत ओरडतो, बायको उठून माझ्याजवळ बसते. अन् लिहिलं होतं, तुझ्या खांद्यावर माझे दात अजून आहेत का? तुझ्या बायकोला सांग, मी माफी मागतो.

मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "दात म्हणजे?" मी म्हटलं, "लिहिण्यात चूक झाली असेल, गुरुजी." घरी येऊन गिरजाला सांगितलं, साहेबानं तुला सलाम सांगितला. पुढच्या साली त्याच्या बायकोची चिठ्ठी आली, साहेब वारला म्हणून. मी दोन्ही चिठ्ठ्या पेटीत खाली दाबून ठेवल्या.

दात

ओलं लुगडं तसंच पिळून मी वार्डात आलो. साडेतीन झाले असतील. गिरजा जागी होती. मी खाटेच्या कडेला बसलो अन् बंडी खांद्यावरून खाली ओढली.

"हे पाह्य."

"का पाहू? बॉम्बचं हाये ते."

"बॉम्बचं नाई. साहेबाचे दात हायेत ते."

मग मी सगळं सांगितलं. हाड फुटल्यावर साहेब ओरडला. मी त्याला पाठीवर घेतलं तेव्हा ओरडला, प्रत्येक पावलाला ओरडला, आपल्या मायला हाक मारून मारून रडला. त्याची पँट खराब झाली. एका जागी जपानी अगदी जवळ होते. मी म्हटलं, साहेब, चूप, नाहीतर दोघंही मरतो. त्याला चूप राहता येईना. तेव्हा मीच त्याला म्हटलं, खांदा चावा. तो चावला. मांस तुटेपर्यंत चावला. मी ओरडलो नाही, कारण समोर जपानी होते. तंबूत पोचल्यावर डॉक्टरनं सुई दिली अन् साहेब शांत झाला. तो शुद्धीवर आल्यावर लाजला नाही. मला म्हणाला, तू होता म्हणून ओरडता आलं. अन् चिठ्ठीत त्यानं तुझी माफी मागितली होती, सलाम नव्हता सांगितला.

गिरजानं बोट लावलं. एक एक दात मोजल्यासारखं फिरवलं.

"म्या म्हटलं होतं," ती म्हणाली. "बॉम्बले दात नसतात."

"हो."

"तुमी मले बोलले, तुले का समजते."

"हो."

तिनं बोट काढून घेतलं. मग विचारलं, "मंग हे आधी काऊन नाई सांगितलं?"

मोठेपणा मिळत होता, म्हणून नाही सांगितलं. गाव मान देत होतं. पण हे तिला न सांगता मी बंडी वर ओढून घेतली.

चार वाजले. ट्रेचा आवाज आला. शमीम सिस्टर खाटेजवळ आल्या, सवयीनं पुढं निघतच होत्या. "बाई, दर्द हाये का?"

गिरजा म्हणाली, "हाये."

सिस्टर थांबल्या.

"दुखते, सिस्टर. गजब दुखते. दोन रोवण्यांपासून दुखते." अन् ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंडात पदर न घालता. लग्नानंतर तिचा एवढा आवाज मी एकदाच ऐकला होता, कुडाच्या पलीकडून, अन् तो मीच बंद केला होता.

बाजूच्या खाटेवरून ताराबाई बोलल्या, "अखीन जोरानं, माय! सिस्टर, आज माहं राहू द्या, तिले आधी द्या."

इंजेक्शन दिल्यावर गिरजा झोपली. तोंड उघडं टाकून झोपली. मी माश्या हाकलत बसलो. शेवंता ताप अंगावर घेऊन आली अन् मायला झोपलेली पाहून माझ्या बाजूला जमिनीवर बसली.

सहा दिवस

त्यानंतर गिरजा सहा दिवस होती. त्या सहा दिवसांत तिनं दोन्ही वेळा इंजेक्शन मागून घेतलं. एकदा ताक अन् कण्या मागितल्या अन् चार घास खाल्ले. एकदा शेवंताला म्हणाली, "घरी गेली की त्या बकरीले जवळ बांधजो. बिचारीनं फुकट मार खाल्ला." ताराबाई हसल्या तेव्हा तीही हसली. मोठं असं काही झालं नाही. दुखणं गेलं नाही, कमी झालं. पण मला विचाराल तर आमच्या संसारातले ते सहा दिवस मी साऱ्यात जास्त सांभाळून ठेवले आहेत.

वाचणाऱ्या बायांना सांगतो. गाठ लागली, दुखलं, तर त्याच दिवशी सांगा. नवरा काही म्हणाला तर म्हणू द्या. पुरुषांना सांगतो, घरात कोणी दुखलं म्हणून ओरडलं तर तुमचा शूर साहेब मध्ये आणू नका. शूर साहेबही ओरडतो, हे मी कानानं ऐकलं आहे. सिस्टरनं विचारलं तर खरं सांगा. विचारलं नाही तर हाक मारा. शाळेतही मी यंदा सव्वीस जानेवारीला गेलो अन् दातांसकट सगळं सांगितलं. हेडमास्तर मध्येच उठून पाणी प्यायले. पुढच्या वर्षी बोलवतील की नाही, माहीत नाही.

शेवटच्या सकाळी पट्टी बदलायची होती. ते साऱ्यात जास्त दुखायचं, अन् इंजेक्शनला अजून वेळ होता. शमीम सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, बाईले धरून बसा." मी खाटेवर बसलो, तिला मागून टेकवून घेतलं अन् बंडी खाली केली.

"चाव," मी म्हटलं.

"साहेबाच्या जागेवर?"

"त्याच्या बाजूले जागा हाये."

तिनं तोंड टेकवलं. सिस्टरनं पट्टी ओढली तेव्हा ती चावली, अन् ओरडलीही. मी धरून बसलो. दुसरं काही करता येत नव्हतं. दहाच्या आसपास ती गेली.

घरी आल्यावर मी आरशात खांदा पाहिला. साहेबाचे दात होते तसेच आहेत, पन्नास वर्षं झाली तरी. गिरजाच्या तोंडात जोर उरला नव्हता. त्याच्या बाजूला थोडं लालसर झालं होतं, दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर तेही नव्हतं.